‘ईसीएम गेला’ म्हणाले तर आधी अर्थची पट्टी तपासायला लावा

नाशिकची थंडी वाढली की जुन्या गाड्या सकाळी कुरकुरायला लागतात आणि याच दिवसांत एका ठरावीक पद्धतीने लोकांना लुबाडलं जातं. गाडी दहा-बारा वर्षांची. चावी फिरवली की नुसता ‘टक’ आवाज, मीटरचे दिवे मंद. कशीबशी सुरू झालीच तर एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, सगळ्यांचे दिवे एकदम पेटलेले. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, बिघाडाच्या आठ-दहा कोडची यादी दाखवतो आणि सांगतो, "साहेब, ईसीएम गेला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. एस्टिमेट तीस-चाळीस हजारांचं, जुना माल चालणार असेल तर वीसमध्ये बसवून देतो म्हणतो. मालक घाबरून हो म्हणतो आणि संध्याकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते.

अशा कित्येक गाड्यांत ईसीएमला कोणी हातही लावलेला नसतो. गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थची पट्टी काढली, पॉलिश पेपरने घासली आणि बोल्ट पुन्हा आवळला, एवढंच काम झालेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे तुमचा धडधाकट ईसीएम काढून घेऊन भंगारातल्या गाडीचा बसवणं. मूळचा मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला जातो.

सेल्फ मारताना छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर अँपिअरच्या वर करंट जातो, डिझेलला त्याहून जास्त. हा सगळा करंट बॅटरीकडे परततो तो अर्थच्या वायरींतून. पट्टी खालच्या बाजूला असते, त्यामुळे इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसातला चिखल आणि पाणी थेट तिच्यावर. तांबं हिरवं पडतं, लग (पट्टीच्या टोकाची बोल्टची कडी) गंजतो. क्लच प्लेटच्या कामात गिअरबॉक्स उतरवला असेल तर पट्टी परत लावायची राहून जाते किंवा गंजावरच आवळली जाते. मग व्होल्टेज पडतं आणि प्रत्येक मोड्यूल (एबीएस, एअरबॅग वगैरेंचा आपापला छोटा संगणक) आपापला कोड नोंदवतं. पी ०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी. यादीत तो असेल तर बाकीच्या कोडवर लगेच विश्वास ठेवू नका. पाच-सहा वेगळे भाग एकाच सकाळी जळत नाहीत. जुन्या गाडीत सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर करंट तिच्यातून वाट काढतोय, म्हणजे अर्थ गेलाच आहे.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची कोणतीच चाचणी खरी नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थमध्ये दोष आहे. काळी पिन खांबावरून क्लॅम्पवर आणल्याबरोबर आकडा पडला तर दोष क्लॅम्पच्या सांध्यात. मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या धातूला लावा. गाडी झटक्यात सुरू झाली तर पट्टी किंवा तिचे सांधे साफ करायचे. खर्च काही शे रुपयांचा.

गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. त्याहून कमी दिसले तरी अख्खा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बदलायला घाई करू नका. पुष्कळदा त्यातले कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा कटआऊट (व्होल्टेज रेग्युलेटर) गेलेला असतो, आणि ते सुटे मिळतात.

गाडी सोपवण्याआधी ईसीएमवरच्या स्टिकरचा नंबर दिसेल असा फोटो काढा, बॅटरी आणि अल्टरनेटरचेही काढा. कोडच्या यादीचा फोटो बॅटरीचं टर्मिनल सोडण्याआधीच घ्या, कारण टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांतले कोड पुसले जातात. एस्टिमेटवर ‘जुना पार्ट परत’ असं लिहून घ्या. ईसीएम बदलला म्हणत असतील तर इमोबिलायझरचं (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) काय केलं ते विचारा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत जुन्याचा डेटा नव्यात उतरवावा लागतो किंवा चावी पुन्हा जुळवावी लागते. यातलं काहीच न करता गाडी चालू झाली असेल तर ईसीएम बहुधा बदललेलाच नाही.

पैसे गेलेच असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणून मुंबईच्या वाटेवर गॅरेजवाल्याने लुटलं असेल तरी नाशिककर नाशिकमध्येच दावा लावू शकतो. पक्कं बिल, एस्टिमेट आणि ते फोटो सोबत जोडा.