लॉराच्या टर्बोचा दाब आवरणारा गोळी-स्प्रिंगचा व्हॉल्व्ह: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी २००८ सालची स्कोडा लॉरा शेंद्र्याच्या कारखान्यात जोडणी झालेली, १.९ लिटर पंप-ड्यूज (प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंधनपंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) डिझेल इंजिनाची आहे. या इंजिनाची मूळ ताकद १०५ पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. रीमॅप करून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे (ईसीयूचे) प्रोग्रॅमिंग बदलून घेतल्यावर गाडी मनासारखी पळू लागली, पण चार माणसे आणि सामान घेऊन कन्नडचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की दोन-तीन सेकंदांत ताकद गळून जायची आणि गाडी बाजूला घेऊन चावी बंद-चालू केल्याशिवाय ती परत यायची नाही. स्कॅनरवर दर वेळी पी ०२३४, म्हणजे ओव्हरबूस्टचा कोड निघायचा: टर्बोचा दाब मर्यादेबाहेर गेला की ईसीयू इंजिन वाचवायला ताकद कापतो. घाटात मागे ट्रक असताना असे होणे धोक्याचे असते, म्हणून टर्बोचा दाब आवरण्यासाठी हा व्हॉल्व्ह मागवला. नळीची वाट हवी तेवढी बारीक करणाऱ्या सुईच्या व्हॉल्व्हसह त्याची किंमत २,८०० रुपये पडली.

या टर्बोत टर्बाइनभोवती हलती पाती असतात. ती दांडीने हलवणाऱ्या डबीला, म्हणजे अॅक्च्युएटरला, व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटतात आणि दाब चढतो. व्हॅक्यूम सुटला की ती उघडतात आणि दाब उतरतो. किती व्हॅक्यूम द्यायचा हे ईसीयूच्या हुकमाने एन७५ हा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) ठरवतो. वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप असलेल्या टर्बोत याच्या उलट असते: तिथे दाबाची हवाच अॅक्च्युएटरला ढकलून झडप उघडते, म्हणून त्या हवेला वाट फोडणारा साधा व्हॉल्व्ह लावला की दाब वाढतो. तो व्हॉल्व्ह लॉरासारख्या गाडीच्या काहीही कामाचा नाही. माझ्या विक्रेत्याने मात्र ‘सर्व टर्बो गाड्यांसाठी’ असे लिहून सोबत फक्त वेस्टगेटच्या जोडणीची आकृती पाठवली होती, ही माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार आहे, कारण त्या आकृतीवर विसंबून जोडणी केली असती तर टर्बोच गमावून बसलो असतो.

व्हॉल्व्हची रचना साधी आहे. पितळेच्या नळकांड्यात स्प्रिंगने दाबून धरलेली पोलादी गोळी असते. इनटेकच्या पाइपातला दाब स्प्रिंगवर मात करू लागला की गोळी उचलली जाते आणि ती हवा टी-जोडातून अॅक्च्युएटरच्या व्हॅक्यूमच्या नळीत शिरून व्हॅक्यूम मोडते. एन७५ पूर्ण बाजूला काढून सगळा कारभार या व्हॉल्व्हवर सोपवण्याची पद्धतही आहे. जुन्या निसान पॅट्रोल या गाडीच्या तीन लिटर डिझेल इंजिनावर ऑस्ट्रेलियात ती बरीच रूढ आहे. पण लॉराचा ईसीयू मागितलेला आणि मिळालेला दाब सतत ताडून पाहतो, त्यामुळे मी एन७५ जागेवर ठेवला आणि हा व्हॉल्व्ह केवळ वरची मर्यादा राखायला लावला.

बसवण्याआधीची दुपार मात्र वेगळ्याच कामात गेली, आणि माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वांत उपयोगी ठरली. हातपंपाने अॅक्च्युएटरला व्हॅक्यूम देऊन पाहिला तेव्हा दांडी अर्ध्या वाटेवर क्षणभर अडखळून मग झटका देत पुढे सरकत होती. पात्यांवर काजळी बसली होती. त्यातच एन७५ कडे जाणारी नळी वाकवली तेव्हा तिच्यावर केसाएवढ्या भेगा दिसल्या. टर्बो उतरवून साफ केला आणि सगळ्या नळ्या बदलल्या, एवढ्यावरच तक्रार निम्मी कमी झाली. ज्यांना ओव्हरबूस्टचा त्रास आहे त्यांनी हे न करता थेट व्हॉल्व्ह विकत घेऊ नये, असे मी मनापासून सांगतो.

उरलेला निम्मा भाग व्हॉल्व्हने सांभाळला. व्हीसीडीएस या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या ०११ क्रमांकाच्या गटात आरपीएम, मागितलेला दाब, मिळालेला दाब आणि एन७५ ची टक्केवारी शेजारी-शेजारी दिसतात. सफाईनंतर २,३०० आरपीएमच्या आसपास मागणी २,२८० मिलिबारची असताना प्रत्यक्ष दाब २,४६० पर्यंत उसळत होता; व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा फिरवून जुळवल्यावर तो २,३५० च्या पुढे गेला नाही. हे आकडे निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाबही धरून मोजलेल्या दाबाचे आहेत. डॅशबोर्डवरचा बूस्ट गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, त्यामुळे आमच्याकडचा वातावरणाचा दाब, साधारण ९५० मिलिबार, वजा केला की दोन्ही जुळतात. ही वजाबाकी न करता दोन गाड्यांची तुलना करणारे बरेच जण भेटतात.

सुईच्या व्हॉल्व्हचा मला फारसा उपयोग झाला नाही. तो आवळला की व्हॅक्यूम सावकाश पोहोचतो आणि उसळी कमी होते हे खरे, पण गाडी १,६०० आरपीएमच्या खाली सुस्त होते, आणि शहरातल्या रहदारीत ते जाचते. मी तो काढून ठेवला आहे.

सोबत आलेल्या नळ्या सैल होत्या आणि बॉनेटखालच्या उष्णतेने महिनाभरात कडक झाल्या. लॉकनटही नीट धरत नाही; दुसऱ्या महिन्यात कंपनाने स्क्रू सुटत जाऊन स्प्रिंग सैल पडली, गोळी लवकर उचलू लागली आणि घाटात गाडी दमल्यासारखी वाटली. दाब चढण्याऐवजी उतरला, हे त्यातल्या त्यात बरे.

या व्हॉल्व्हने ताकद वाढत नाही, आणि वाढावी अशी अपेक्षाही ठेवू नये. डिझेल इंजिनाची ताकद इंधनावर ठरते. जादा हवा त्या इंधनाला नीट जळू देते, धूर आणि एक्झॉस्टची उष्णता कमी ठेवते, पण टर्बोच्या कुवतीपलीकडे दाब नेला तर हवा केवळ तापते आणि शाफ्टचा वेग धोक्याच्या पुढे जातो. दाब वाढवण्यासाठी हा व्हॉल्व्ह घेणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. रीमॅप केलेली, व्हॅक्यूमच्या टर्बोची जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे आणि स्कॅनर लावून आकडे पाहण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना मी तो घ्या म्हणेन, मात्र नळ्या आणि लॉकनट स्वतःचे वापरा. मी नटावर आणि नळकांड्यावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली आहे आणि दर ऑइल बदलताना ती सरळ आहे का हे पाहतो. गेल्या सहा महिन्यांत ती हललेली नाही.