जपानमध्ये 'जुना ओरिजिनल' त्सुरिकावा घेताय? आधी हे वाचा

जपानी ड्रिफ्ट गाड्यांच्या (वळणावर मुद्दाम आडव्या घसरवत चालवायच्या गाड्या) जुन्या सजावटीच्या वस्तू, म्हणजे त्सुरिकावा, सुइचूका गिअर नॉब, हिरवे ताकाता सीट बेल्ट वगैरे जे कोणी ऑनलाइन घेतात, इथे जपानमध्ये राहून किंवा पुण्या-मुंबईत बसून इथल्या मित्राकडून मागवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे 62 हजार येन गेले, परत मिळाले नाहीत, मिळतील असं वाटतही नाही. पण पैशापेक्षा जास्त राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे, ती पुढे येईल. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. ट्रेनमध्ये उभं राहिल्यावर धरायला वरून कडी लटकत असते ना, तीच त्सुरिकावा. 1970-80 च्या दशकात इथली बोसोझोकूची, म्हणजे गाड्या-बाइक घेऊन रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्या टोळ्यांची, पोरं ट्रेन आणि बसमधून त्या कड्या तोडून आणायची आणि गाडीच्या मागच्या बंपरखाली लटकवायची. गाडी जितकी खाली बसवलेली तितकी कडी रस्त्याच्या जवळ, थेट घासत गेली तर अजून भारी, आणि भर ट्रेनमधून उचलून आणलीय म्हणजे पोरात दम आहे हे वेगळं सांगायला नको. हे प्रकरण तेव्हा काही छोटं नव्हतं, 1982 साली पोलिसांच्या आकडेवारीत अशा टोळ्यांतली 42 हजारांवर पोरं होती. त्याच काळात फुजी स्पीडवेवर ग्रँड चॅम्पियन नावाची रेसची सिरीज चालायची, 1971 ते 1989, आणि ती बघायला येणारे लोक स्वतःच्या साध्या गाड्यांना रेसच्या गाड्यांसारखे रुंद फेंडर आणि लांब स्पॉयलर लावून पार्किंगमध्ये मिरवायचे. ही सगळी हौस पुढे घाटात रात्री ड्रिफ्ट करणाऱ्यांकडे आली आणि आज योकोहामाच्या दायकोकू पार्किंग एरियात शनिवारी रात्री पोलिसांनी बंद करायच्या आधी पोचलात तर दर काही गाड्यांमागे एक तरी त्सुरिकावा लटकताना दिसेल. आताचे बहुतेक अर्थातच विकतचे असतात, ट्रकच्या ॲक्सेसरीच्या दुकानात गोल, त्रिकोणी, बदामाच्या आकाराचे, पारदर्शक रंगीत, काही हजार येनात मिळतात. ते घ्या, त्यात काही वाईट नाही.

भानगड सुरू होते ती 'जुना ओरिजिनल' म्हटल्यावर.

माझ्याकडे टोयोटा चेसर आहे, जेझेडएक्स 100, आणि मला ती नव्वदच्या दशकातल्या ड्रिफ्ट गाड्यांसारखी हवी होती, आतून पण. इथल्या एका सेकंडहँड वस्तूंच्या ॲपवर एक विक्रेता सापडला. त्याची गोष्ट अशी की त्याचे काका जुन्या काळातले घाटातले ड्रिफ्टर, ते वारले, सायतामात त्यांची वखार आहे, ती रिकामी करायचीय आणि सामान योग्य माणसाच्या हातात जावं एवढीच इच्छा आहे. सगळ्या वस्तूंचे फोटो एकाच तातामीवर (जपानी गवती चटईवर) काढलेले, शेजारी काकांचा म्हणून एक जुना पिवळट फोटो. मी आधी त्याच्याकडून दोन स्टिकर घेतले होते, ते व्यवस्थित आले, पॅकिंग सुंदर, आत हाताने लिहिलेली आभाराची चिठ्ठी. रेटिंग चांगलं होतं. नंतर त्याच्या जुन्या विक्रीची यादी बारकाईने बघितली तर कळलं की हे रेटिंग सगळं 300-500 येनाच्या स्टिकरांवरच कमावलेलं आहे, महागडी वस्तू जवळपास नाहीच. हे लक्षात ठेवा, रेटिंग किती आहे ते बघू नका, कशावर मिळालंय ते बघा.

मग त्याने मला एकत्र सेट देऊ केला. जपानी नॅशनल रेल्वेच्या काळातल्या, टोकियोच्या यामानोते लाइनच्या 103 सिरीज डब्यातल्या त्सुरिकावाची जोडी, शोवा काळातला, म्हणजे 1989 च्या आधीचा, न वापरलेला सुइचूका नॉब, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये फूल गोठवलेला तो गिअर नॉब जो मुळात लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांची फॅशन होती, आणि 2015 चा न वापरलेला ताकाताचा हिरवा चार पॉइंट बेल्ट, म्हणजे चार ठिकाणी अडकवायचा रेसिंगचा बेल्ट. प्रत्येकासोबत 'प्रमाणपत्र' देणार म्हणाला.

आता त्याची युक्ती बघा, कारण ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली जाते. इथल्या अशा ॲपवर आपण भरलेले पैसे लगेच विक्रेत्याकडे जात नाहीत, ॲप ते धरून ठेवतं आणि आपण 'मिळालं' असं बटण दाबून रेटिंग दिलं की मग त्याला सोडतं. चांगली सोय आहे. म्हणून हे लोक त्या बटणावरच डाव टाकतात. त्याने सांगितलं बेल्ट मोठा आहे, दोन खोकी करावी लागतील, पहिलं आज निघेल. पहिल्या खोक्यात त्सुरिकावा आणि नॉब आला, वरवर छान, आणि लगेच त्याचा मेसेज, की ॲपमध्ये एका व्यवहाराला एकच पार्सल नंबर टाकता येतो त्यामुळे हा व्यवहार बंद झाल्याशिवाय दुसरं खोकं पाठवता येत नाही, आईला दवाखान्यात न्यायचंय, कृपया आजच दाबा. इतकं अदबीचं जपानी की नाही म्हणायला जीव होईना. बटण दाबलं गेलं, पैसे त्याच्याकडे गेले. दुसरं खोकं आलं हे खरं, आणि त्यामुळेच पुढे ॲपवाल्यांनी हात वर केले, की वस्तू मिळाली आहे, रेटिंग दिलेलं आहे, आता आम्ही मध्ये पडत नाही.

खरं खोटं कळलं ते मी ज्या गॅरेजला गाडी देतो तिथल्या म्हाताऱ्या मालकांमुळे. ते स्वतः निक्को सर्किटला पूर्वी ड्रिफ्ट करायचे. त्यांनी पहिली कडी हातात घेतली आणि म्हणाले ही कधी ट्रेनमध्ये गेलेलीच नाही, कडीच्या आतल्या बाजूला साच्याची रेघ अजून धारदार आहे, हजारो हातांनी धरलेली कडी गुळगुळीत होते. दुसरी कडी मात्र खरी होती, ट्रेनमधलीच. पण तिच्या पट्ट्यावरच्या प्लास्टिकच्या जाहिरातीत टोकियोचा फोन नंबर होता, 03 च्या पुढे 3 ने सुरू होणारा आठ आकडी. टोकियोचे नंबर आठ आकडी झाले 1 जानेवारी 1991 ला, आणि जपानी नॅशनल रेल्वे तर 31 मार्च 1987 ला संपली, दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी जेआर कंपन्या आल्या. म्हणजे प्रमाणपत्र तिथेच खोटं ठरलं. आणि वाईट गोष्ट पुढची आहे, पट्टा वर जिथे दांड्याला अडकवलेला असतो तिथे तो नीट उघडून काढलेला नव्हता, ब्लेडने कापलेला होता. डबा मोडीत काढताना कोणी असं कापत बसत नाही. चालू ट्रेनमध्ये घाईघाईत चोरणारा कापतो.

इथे मला खरंच घाम फुटला. जपानी दंडसंहितेत चोरीला 10 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख येनांपर्यंत दंड आहे, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असूनही विकत घेतला तर तोही वेगळा गुन्हा. मला माहीत नव्हतं, पण ते पोलिसांना पटवायची वेळ कोणावर यावी असं मला वाटत नाही, त्यात आपण झायर्यू कार्डवर, म्हणजे परदेशी लोकांच्या रहिवासी कार्डवर, राहणारी माणसं. मी दुसऱ्याच दिवशी ती कडी, चॅटचे प्रिंट, खोक्यावरचा पत्ता सगळं घेऊन पोलिस स्टेशनला गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कडी ठेवून घेतली. पत्ता खोटा निघाला.

नॉबचं थोडक्यात सांगतो. शोवा काळ संपला जानेवारी 1989 ला, आणि नॉबच्या खोक्याच्या तळाला क्यूआर कोडचा स्टिकर होता, जो प्रकारच मुळात 1994 ला आला. शिवाय 'टोयोटाला बसतो' म्हणाला होता. टोयोटाच्या गिअर लिव्हरला 12 मिलिमीटरचा, 1.25 पिचचा (दोन वेढ्यांतल्या अंतराचा) आटा असतो, हा निघाला 10 मिलिमीटर 1.25, म्हणजे निस्सान-माझदाचा. होंडाला परत 10 मिलिमीटर पण 1.5 पिच. कोणताही नॉब घेताना आट्याच्या मापाचा फोटो मागा, खरा विकणारा लगेच देतो.

आता बेल्ट. माझा राग याचाच आहे.

ते हिरवे बेल्ट आज अर्ध्या लोकांच्या गाडीत नुसते शोभेला असतात, सीटवरून मागे टाकलेले, फोटोत भारी दिसतात, मला मान्य आहे, मलाही तसेच दिसायला हवे होते. पण तो बेल्ट आहे, गाडीत आहे म्हटल्यावर एखाद्या दिवशी सर्किटला कोणीतरी तो बांधणारच, मीही बांधणार होतो. ताकाता कंपनीने सदोष एअरबॅगच्या प्रकरणानंतर जून 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. जुन्या ताकाता बेल्टना किंमत आहे, आणि नकलीही बाजारात आहेत. माझ्या बेल्टवर एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचं, लेबल शिवलेलं होतं, आणि त्यावर 2027 पर्यंत वैध असं छापलेलं. एफआयएच्या मान्यतेचे बेल्ट बनवल्याच्या वर्षानंतर 5 वर्षांपर्यंतच चालतात, 2015 चा बेल्ट 2020 ला संपला. विकणाऱ्याचं बोलणं आणि लेबल, दोन्ही एकावेळी खरं असूच शकत नाही. गॅरेजवाल्यांनी बकल उघडून दाखवलं, आतली जीभ पातळ पत्र्याची, आणि पट्ट्याची शिवण एका ठिकाणी नखाने उसवली. नखाने. ते शांत माणूस आहेत, कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी बेल्ट टेबलावर आपटला आणि म्हणाले सजावटीत फसवणं एक वेळ चालेल, हा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतोय.

मलाही तेच म्हणायचंय. नकली कडीने माझे पैसे गेले. नकली बेल्टने 80-90 च्या स्पीडला भिंतीवर गेलेल्या पोराचं काय होईल? आणि विकणाऱ्याला या दोन वस्तूंत काही फरक वाटत नाही, एकाच सेटमध्ये, सारख्याच प्रमाणपत्रासकट. तो बेल्ट आम्ही तिथेच कात्रीने चार तुकडे करून टाकला, फेकलेला उचलून परत कोणी विकू नये म्हणून. त्याआधी लेबलचे फोटो काढून पोलिसांना दिले. आणि हो, खरा असला तरी रस्त्यावर नुसता चार पॉइंट बेल्ट चालत नाही, गाडीचा मूळ तीन पॉइंट बेल्ट लावावाच लागतो.

मग जुनी खरी कडी हवीच असेल तर काय करायचं? रेल्वे कंपन्या स्वतः विकतात. मोडीत काढलेल्या डब्यांचे सुटे भाग, नावाच्या पाट्या, कड्या, सगळं त्यांच्या डेपोच्या कार्यक्रमात मिळतं, 14 ऑक्टोबरच्या रेल्वे दिनाच्या आसपास तर बरेच कार्यक्रम असतात. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं, पण पावती मिळते आणि ती पावती जपून ठेवा, उद्या तुम्ही कोणाला विकलीत तर त्यालाही द्या. दुकानातून किंवा धंदा म्हणून जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून घेत असाल तर कोबुत्सुशो परवान्याचा 12 आकडी नंबर मागा, जुना माल विकत घेऊन विकणाऱ्याला तो लागतोच. 'काकांची वखार' सांगून महिनोन्महिने माल विकतोय आणि परवाना नाही, तर तिथूनच मागे फिरा. आणि एक गैरसमज, इथे ऑनलाइन खरेदीला कूलिंग ऑफ लागू होत नाही, आठ दिवसांत परत करू असं मनात धरून घेऊ नका.

पुण्यातल्या मित्रांना खास सांगतो, तुम्ही इथल्या कोणाला तरी सांगून मागवता, पार्सल आधी त्याच्या घरी येतं, मग महिन्याभराने कोणीतरी बॅगेतून आणतं. तोवर सगळी मुदत संपलेली असते. ज्याच्या घरी पार्सल येतं त्याला सांगा की उघडून फोटो पाठवल्याशिवाय ॲपवर बटण दाबायचं नाही, कितीही गोड बोललं तरी. आणि ॲपच्या बाहेर थेट बँकेत पैसे टाका, स्वस्तात देतो, असं कोणी म्हणालं तर बोलणंच बंद करा.

कोणी आधीच फसलं असेल तर 188 ला फोन लावा, ती ग्राहकांसाठीची लाइन आहे, तुमच्या भागातल्या केंद्राला जोडून देतात. पोलिसांचा सल्ल्यासाठीचा नंबर #9110. बँकेत थेट पैसे टाकले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा, 2008 पासून लागू असलेल्या कायद्यामुळे ते फसवणुकीचं खातं गोठवू शकतात आणि खात्यात काही उरलं असेल तर त्यातून वाटणी मिळते, उशीर झाला की खातं रिकामं झालेलं असतं.

माझ्या तक्रारीनंतर त्या विक्रेत्याचं ॲपवरचं खातं बंद झालं. पण परवा तोच सेट पुन्हा दिसला, नाव वेगळं, यावेळी काकांच्या जागी सासरे, ठिकाण सायतामाऐवजी गुन्मा. फोटो मात्र तेच, तातामीच्या उजव्या कोपऱ्यात सिगारेटने जळाल्यासारखा तपकिरी डाग आणि हिरव्या बेल्टचं लेबल मुद्दाम आत दुमडलेलं. असा फोटो कुठे दिसला तर घेऊ नका, रिपोर्ट करा, आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, कारण रिपोर्ट झाल्यावर ती तासाभरात गायब होते आणि पोलिसांना दाखवायला तेवढंच उरतं.