दातांची सफाई करायला आला आणि कुत्री घेऊन गेला

सोसायटीच्या आवारात टेबल मांडून कोणी 'पाळीव श्वानांसाठी दंत तपासणी शिबिर' भरवलं, तर आपलं जनावर त्याच्यापुढे नेण्याआधी हे वाचा. नाशिकला इंदिरानगर भागात आमच्याकडे असं शिबिर झालं आणि त्यातून आमची पाच वर्षांची पॉमेरेनियन, चिंगी, पळवली गेली. ती आम्हाला परत मिळाली. त्याच शिबिरात आलेला शेजारच्या सोसायटीतला बीगल अजून मिळालेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

रविवारची सकाळ होती. पांढरा कोट, खिशावर भरतकामाने 'डॉ.' आणि पुढे नाव, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये मांडलेली हत्यारं. त्याने आधी चेअरमनची रीतसर परवानगी घेतली होती, आदल्या दिवशी ग्रुपवर पत्रकही फिरलं होतं: भूल नाही, दुखणं नाही, वीस मिनिटांत दात स्वच्छ, फक्त ६०० रुपये.

हे पत्रक कुत्रा पाळणाऱ्याच्या नेमक्या भीतीवर बोट ठेवतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी लसीकरणाच्या वेळी चिंगीचं तोंड उघडून पाहिलं होतं. मागच्या दाढांवर कीटण चढलंय, हिरड्या लाल झाल्यात, रक्त तपासून, भूल देऊन, एक्स-रे काढून नीट सफाई करावी लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या. खर्च नऊ-दहा हजार. खर्चापेक्षा भुलेचंच नाव ऐकून सासऱ्यांचा, अण्णांचा, जीव घाबरला होता. एवढीशी पोर, उठलीच नाही तर? असा विचार घरोघरी होतो आणि हे लोक तो ओळखून असतात.

शिबिरात त्याने चिंगीला काखेत दाबून धरलं, अंगठ्याने ओठ वर केला आणि आकड्यासारख्या हत्याराने सुळ्यावरचं कीटण खरवडलं. पिवळट-तपकिरी पापुद्रे टेबलावर अंथरलेल्या काळ्या कापडावर पडत होते. कापड काळं का, हे नंतर लक्षात येतं: पडलेला प्रत्येक कण बघणाऱ्याला दिसावा म्हणून. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. दात खरोखरच पांढरे झाले आणि तिथल्या तिथे आणखी चार-पाच जणांनी पैसे भरले.

ही पहिली फसवणूक. कुत्रा परत मिळाला काय किंवा चोरीला गेलाच नाही काय, दातांच्या बाबतीत ती सगळ्यांचीच झाली. कुत्र्याच्या दातांवर रोज चिकट थर बसतो. लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो आणि त्याचं कीटण बनतं. पण दात पडतात ते या दिसणाऱ्या कीटणामुळे नव्हे. हिरडीच्या खाली, दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत जंतू शिरतात, तिथलं हाड हळूहळू झिजतं आणि मुळं सैल होतात. ती जागा साफ करायची तर तोंड उघडं ठेवून अर्धा-पाऊण तास अजिबात न हलता पडून राहावं लागतं. शुद्धीवर असलेला कुठलाही कुत्रा ते करणार नाही. शिवाय नुसतं खरवडून पॉलिश न केलेल्या दातावर ओरखडे राहतात आणि नवा थर आणखी पटकन बसतो. भूल न देता केलेल्या अशा सफाईला अमेरिकन व्हेटरनरी डेंटल कॉलेजनेही जाहीर विरोध केलेला आहे. आपल्याकडे तर भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे आणि त्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय दुसऱ्याला जनावरांवर स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. त्यामुळे कोटावरचं 'डॉ.' वाचून थांबू नका. राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर तो लगेच सांगतो, त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर तो छापलेलाच असतो. या माणसाच्या पावतीवर एक मोबाईल नंबर आणि पंजाचं चित्र, एवढंच होतं.

दुसरी फसवणूक त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर चालू होती. त्याच्यासोबत आलेली एक मुलगी प्रत्येकाचं 'हेल्थ कार्ड' भरत होती. गोड बोलणारी, कुत्र्यांना नावाने हाक मारणारी. नाव, वय, जात, इथपर्यंत ठीक. पुढे, फिमेल आहे ना, ऑपरेशन झालंय का? हीटवर (माजावर) शेवटची कधी आली होती? एखादं लिटर (पिल्लांचं वेत) झालंय का? कागदपत्रं आहेत का, कुठून घेतली, केवढ्याला? ओळखीची चिप बसवलीय का? फिरायला कोण नेतं, सकाळी की संध्याकाळी, कुठल्या बाजूला? अनोळखी माणसाकडे जाते का, चावते का? शेवटी दोन्ही बाजूंनी फोटो.

यातला एकही प्रश्न दातांचा नाही. हे सगळे प्रश्न पिल्लं काढून विकणाऱ्याचे आहेत. ऑपरेशन न झालेली, वयात आलेली, माणसाळलेली, चिप नसलेली जातिवंत मादी हवी असते. शिबिरात ती लोक स्वतःहून घेऊन येतात.

दोनेक आठवड्यांनी संध्याकाळी अण्णा चिंगीला घेऊन खाली उतरले तर गेटजवळ पांढरी व्हॅन उभी. तोच माणूस, तोच कोट. "काका, बरं झालं भेटलात. चिंगीच्या फोटोत डावीकडच्या वरच्या दाढेत पू दिसतोय. एक्स-रे काढायला हवा, मशीन आमच्या सेंटरला आहे. अर्ध्या तासात इथेच आणून सोडतो. फॉलोअप आहे, पैसे नाहीत." अण्णांनी मलाही येऊ दे म्हटलं, तर व्हॅनमध्ये आधीच दोन पिंजरे ठेवलेले, बसायला जागा नाही. त्यांनी पावती मागितली, त्याने दिली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कुत्रीचं नाव माहीत असलेला, सोसायटीने बोलावलेला डॉक्टर समोर. अण्णांनी विचारायचं तेवढं सगळं विचारलं होतं. त्यांना कोणी बोल लावलेला मला आवडत नाही. लबाडी करणारा वेगळा आहे.

तासाभराने फोन लावला तर बंद.

पोलीस ठाण्यात आधी 'हरवल्याची' नोंद करून पाठवायला बघत होते. इथे अडून बसा. कुत्रा हरवलेला नाही, फसवून नेलेला आहे आणि कायद्याने या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. वकिली करणाऱ्या माझ्या आतेभावाने समजावून सांगितलं ते असं: भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या कायद्यात, ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत. कुत्र्याची किंमत किती, हा प्रश्न तिथेच येतो. गावठी कुत्रा असेल, खरेदीची पावती नसेल, तर तक्रार तिथेच अडते. पण खोटी बतावणी करून वस्तू हातातून काढून घेणं ही कलम ३१८(४) खालची फसवणूक आहे. तो गुन्हा दखलपात्र आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्याकडे चिंगीच्या खरेदीची पावती, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा परवाना आणि त्या माणसाने दिलेल्या दोन्ही पावत्या होत्या. तक्रारीत कोण काय म्हणालं ते शब्दशः लिहून दिलं आणि गुन्हा नोंदवला गेला. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज त्याच रात्री कॉपी करून घेतलं, कारण जुनं आपोआप पुसलं जातं.

मग आम्ही फोटो आणि नंबर टाकून पत्रकं लावली आणि तिसरी फसवणूक करणारी वेगळीच टोळी जागी झाली. या लोकांचा चोरीशी काही संबंध नसतो, ते फक्त पत्रकं वाचतात. 'ताई, तुमचा कुत्रा धुळ्याला सापडलाय, गाडी करून आणतो, पेट्रोलचे पैसे टाका.' पाठवलेला फोटो आमच्याच पत्रकातला, मागची भिंत बदललेली. घरातले सगळे रडकुंडीला आलेले असताना माझ्या दिराने २,५०० रुपये पाठवून टाकले. दुसऱ्याने तर क्यूआर कोड पाठवला, म्हणे बक्षिसाची रक्कम आधी 'व्हेरिफाय' होते. असं झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि पत्रकात न छापता कुत्र्याची एक खूण मुद्दाम गुपित ठेवा. फोन आला की तीच विचारा, व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. खरा माणूस दाखवतो, दुसरा फोन ठेवतो.

आमची खूण चिंगीच्या तोंडात होती. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत दुधाचे दात पुष्कळदा वेळेवर पडत नाहीत. पिल्लाला २८ दात असतात, ते साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडून ४२ पक्के येतात. चिंगीचा वरचा उजवा दुधाचा सुळा पडलाच नव्हता, पक्क्या सुळ्याला चिकटून तसाच उभा होता. खालचे पुढचे दोन दात मुळात आलेच नव्हते. डॉक्टर मॅडमनी हे दातांच्या तक्त्यावर लिहून ठेवलं होतं, फोटोही काढले होते. ते सगळं त्यांनी जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांच्या ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं, अंगावरचा रंग बघू नका, तोंड उघडून बघा.

त्याचाच उपयोग झाला. काही महिन्यांनी सिन्नरकडच्या एका दवाखान्यात एक माणूस पॉमेरेनियन मादी घेऊन आला. डोळ्याखाली सूज होती. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी गळू झालं की सूज नेमकी तिथेच येते आणि बघणाऱ्याला वाटतं डोळ्याला लागलंय. केस बारीक कापलेले, गळ्यात वेगळाच पट्टा, नाव स्वीटी. डॉक्टरांनी ओठ वर केला तर दोन सुळे शेजारी-शेजारी. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, सलाईन लावावं लागेल, ठेवून जा म्हणाले आणि आमच्या मॅडमना फोन केला. पोलिसांसमोर त्या माणसाने ती आपल्याकडेच जन्मली असं सांगितलं. तेव्हा तारखेसह असलेले जुने फोटो आणि तक्ता पुढे ठेवला. पंचनामा झाला, चिंगीची मुद्देमाल म्हणून नोंद झाली आणि न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (ताब्यात घेण्याच्या हमीपत्रावर) ती घरी आली. सोडवायला गेलो तेव्हा अण्णांनी हाक मारली आणि तिने अंग टाकून लोळण घेतली. पिल्लांचं एक लिटर तिच्याकडून काढून घेतलं होतं, हे तपासणीत कळलं.

दातांचं पुढे असं झालं. रक्ताच्या तपासण्या करून, भूल देऊन मॅडमनी एक्स-रे काढले. समोरून शुभ्र दिसणाऱ्या दातांच्या मुळांभोवतीचं हाड खाल्लेलं होतं. सात दात काढावे लागले, तो दुधाचा सुळाही गेला. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, दुसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला. अण्णांची भुलेची भीती त्या दिवशी गेली.

आता रोज रात्री तिचे दात घासतो. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीचीच पेस्ट. आपली पेस्ट वापरू नका, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. सुरुवातीला बोटावर पेस्ट चाटायला द्या, मग गालाच्या बाजूने फक्त बाहेरून घासा, आतून नाही घासलं तरी चालतं. कडक हाडं बंद करा. ज्यात नख रुतत नाही ते कुत्र्याच्या दाताला जास्तच कडक आहे, आणि त्याने मोडते ती तीच वरची मोठी दाढ. तोंडाला वास आला तर 'कुत्र्याला यायचाच' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. त्याच वेळी तोंडाचे फोटो आणि दातांची नोंद मागून घ्या.

चिंगीला आता चिपही बसवली आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेच्या कातडीखाली, १५ आकडी क्रमांक. तिच्यावरून कुत्रा कुठे आहे ते कळत नाही, ते जीपीएस नव्हे. पण स्कॅनर फिरवला की क्रमांक दिसतो आणि मालकी सांगता येते. तो क्रमांक लसीच्या पुस्तकात डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह लिहून घ्या.

पांढऱ्या कोटातला माणूस अजून सापडलेला नाही, सिन्नरच्या माणसाने फक्त पुढचं नाव सांगितलं आहे. तो बीगल तीन वर्षांचा आहे, उजव्या कानाच्या टोकाला खाच आहे. तुम्ही अलीकडे कागदपत्रांशिवाय, 'मालक परदेशी चाललाय' वगैरे सांगून विकलेला मोठा कुत्रा घेतला असेल, तर जवळच्या पशुवैद्यकाकडे जाऊन चिप स्कॅन करून घ्या, तोंड बघायला सांगा आणि काही जुळलं तर पोलीस ठाण्यात कळवा.