लिव्हर बर्फाच्या पेटीतलं की मशीनवरचं? नाशिकहून बघताना

सिडकोतल्या एका ताईंनी परवा विचारलं, मिस्टरांचं नाव लिव्हर ट्रान्सप्लांटच्या वेटिंगवर आहे आणि कुणीतरी डोक्यात घातलंय की बर्फातलं लिव्हर घेऊच नका, मशीनवालं हॉस्पिटल गाठा. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बर्फाची पेटी म्हणजे नुसतं बर्फात टाकणं नाही हो. डोनरच्या शरीरातच थंड सोल्युशन सोडून रक्त धुऊन काढतात, तांबूस लिव्हर डोळ्यादेखत फिकट पडतं, मग सोल्युशनच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या, आणि मग पेटीत. बर्फ थेट लागू द्यायचा नाही, गोठलं की पेशी गेल्या. सोल्युशन यूडब्ल्यू नावाचं असेल तर पाकासारखं दाट, एचटीके नावाचं पाण्यासारखं पातळ, पण ते जास्त लागतं. ही निवड सर्जनवर सोडा. थंडीत पेशींचं काम खूप मंदावतं पण थांबत नाही, म्हणून 12 तासांच्या आत, आणि जमेल तितकं लवकर, बसवायला बघतात.

मशीन दोन तऱ्हेची. एक 37 डिग्रीला रक्त फिरवतं, लिव्हर तिथेच पित्त बनवायला लागतं, म्हणजे चालतंय का ते बसवण्याआधी दिसतं. युरोपातल्या 2018 च्या अभ्यासात या मशीनवर लिव्हरची इजा निम्म्याने कमी होती, वाया जाणारी लिव्हरंही निम्मी. दुसरं मशीन थंडच, पण ऑक्सिजन देणारं. 2021 च्या अभ्यासात त्याने पित्तनलिका आकसण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 6 वर आलं. पण ते डोनर हृदय बंद पडल्यानंतरचे होते, आपल्याकडे बहुतेक ब्रेन डेड (मेंदू मृत, पण हृदय चालू) असतात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नका. शिवाय तीही लिव्हरं आधी बर्फातच आली होती, मशीनवर फक्त शेवटचे दोनेक तास!

आता आपलं अंतर बघा. नाशिकहून मुंबई साधारण 170 किलोमीटर, पुणे 210, ग्रीन कॉरिडॉर (अवयवासाठी मोकळा केलेला रस्ता) मिळाला तर कसारा घाट काय नि चाकण काय, अडत नाही. पण घड्याळ रस्त्यापुरतं नसतं, सोल्युशन सोडल्यापासून ते पेशंटमध्ये रक्त सुरू होईपर्यंत चालतं, आणि पेशंटचं आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर जुनं लिव्हर सोडवण्यातच तासन् तास जातात.

म्हणून माझं मत, डोनर तरुण, लिव्हर चांगलं आणि वेळ कमी असेल तर पेटी पुरते, मशीनसाठी नंबर सोडू नका. लिव्हर फॅटी असेल, डोनर वयस्कर असेल किंवा वेळ लांबणार असेल तर मात्र मशीन असलेलं बरं, कारण फॅटी लिव्हरला थंडी सोसत नाही. मशीनचं किट एकदाच वापरायचं असतं, त्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का ते आधीच विचारा.

ताईंना मी चिठ्ठीवर तीनच प्रश्न लिहून दिले, फोन रात्री दोनलाही येऊ शकतो म्हणून: लिव्हर किती फॅटी, बर्फात एकूण किती तास जातील, आणि यांचं आधीचं ऑपरेशन धरून हा वेळ सांगताय का.