‘मुळापासून इलाज’ : पुण्यातील एका गुप्तरोग दवाखान्याचा अनुभव

शिश्नाच्या टोकावर दर काही महिन्यांनी एक गोल, जळजळणारी जखम उठायची आणि आठ-दहा दिवसांत आपोआप सुकून जायची, असा त्रास मला दीडेक वर्ष होत होता. हा रोग ‘मुळापासून’ काढून टाकतो, असे सांगून पुण्याच्या मध्यवस्तीतील एका दवाखान्याने माझ्याकडून चाळीस हजारांच्या आसपास रक्कम काढली. दवाखान्याचे नाव येथे लिहीत नाही. त्यांची पैसे काढण्याची रीत मात्र सविस्तर लिहितो, कारण हीच रीत वापरणारे इतरही अनेक असावेत, असे मला नंतर भेटलेल्या दोघा-तिघांच्या बोलण्यावरून वाटते.

आमचे नेहमीचे डॉक्टर वडिलांचे मित्र. सर्दी-तापासाठी घरातले सगळेच त्यांच्याकडे जातात आणि त्यांच्या दवाखान्यातील कंपाउंडर आमच्याच गल्लीत राहतो. अशा ठिकाणी ही तक्रार बोलून दाखवणे मला शक्य नव्हते. स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावरील स्वच्छतागृहात चिकटवलेली जाहिरात मात्र कोणाला काही न सांगता वाचता येत होती. गुप्तरोग, शीघ्रपतन, स्वप्नदोष आणि मूळव्याध या सर्वांवर एकाच ठिकाणी खात्रीशीर उपचार, शिवाय नाव गुप्त ठेवण्याची हमी. मूळव्याध त्या यादीत कशी आली, हा प्रश्न तेव्हाही मनात आला होता.

फलकावर ‘डॉ.’ होते, त्याखाली ‘आर.एम.पी.’ (म्हणजे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक) आणि ‘गोल्ड मेडलिस्ट’ असे शब्द होते, पण नोंदणी क्रमांक कुठेही नव्हता. आत गेल्यावर प्रथम केसपेपर भरून घेतला गेला. त्यात माझे नाव, पत्ता, नोकरीचे ठिकाण, एवढेच नव्हे तर पत्नीचे नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांकही मागितला होता. नाव गुप्त ठेवण्याची हमी देणाऱ्यांना या सगळ्याची गरज कशासाठी होती, ते पुढे कळले. जखम फलकावरच्या त्या ‘डॉक्टर’ गृहस्थांनी टेबलापलीकडूनच पाहिली. नंतर हातात धातूची एक दांडी धरायला देऊन संगणकाच्या पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवल्या आणि छापील अहवाल काढला. त्यात माझे यकृत, मूत्रपिंड आणि वीर्य हे सर्वच बिघडलेले होते. “ही जुनी गरमी आहे, रक्तात उतरली आहे. तुमच्याकडून मंडळींना जाईल, होणाऱ्या मुलालाही जाईल,” असे त्यांनी सांगितले. वास्तविक गरमी म्हणजे सिफिलिस रक्ताच्या साध्या व्हीडीआरएल तपासणीतून शोधतात, त्याची पहिली जखम बहुधा दुखत नाही, आणि त्यावर पेनिसिलिनचे इंजेक्शन हा जुना व प्रभावी उपचार आहे. माझी जखम तर चांगलीच झोंबत होती. रक्त तपासायला मात्र त्यांनी कोठेच पाठवले नाही.

खरी लूट झाली ती शेजारच्या दुकानात. चिठ्ठीवर चार-पाच भस्मांची नावे होती. वजन आणि किंमत लिहिलेली नव्हती. दुकानदाराने भाव विचारताच “साडेचारशे” एवढेच सांगितले. ही पुडीची किंमत असावी, असे कोणीही समजेल. त्याने डब्यांतून काढून सर्व जिन्नस एकत्र खलात टाकले, कुटले, आणि मग वजन करून सांगितले की भाव ग्रॅमचा आहे. कुटलेले औषध परत घेता येत नाही, दुसऱ्या रोग्याला देता येत नाही, तेव्हा पैसे द्यावेच लागतील, असे म्हणताना त्याचा आवाज चढला आणि दवाखान्यातील आणखी एक माणूस दाराशी येऊन उभा राहिला. तोच माणूस माझ्याबरोबर एटीएमपर्यंत आला. मला मिळालेल्या पावतीवर औषधाचे नाव नव्हते, फक्त ‘आयु. औषध’ आणि रक्कम होती.

हा व्यवहार एकदाच झाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण अशा आजारात फसवणाऱ्याला एक मोठी सोय असते, आणि माझ्या मते सर्वांनी नीट समजून घ्यावे असे यात हेच आहे. जखम आपोआप भरणारी होती. भस्म सुरू केल्यावर आठवड्याभरात ती भरली आणि श्रेय भस्माला गेले. काही महिन्यांनी ती परत आली तेव्हा “वांगे खाल्लेत का? चहा सोडला होतात का?” असे विचारून दोष माझ्या पथ्यावर टाकण्यात आला आणि नवे, अधिक ‘तेज’ भस्म कुटले गेले. न भरणाऱ्या जखमेवर अशी बनवाबनवी फार दिवस चालली नसती. दुसऱ्या खेपेला सोबत वेष्टन खरवडून काढलेली मलमाची एक ट्यूब मिळाली. तिने आग तत्काळ थांबायची. पैसे देणे बंद करायचे ठरवल्यावर फोन सुरू झाले. कोर्स अर्धवट सोडलात तर नामर्दी येईल, आणि तुम्ही ऐकत नसाल तर वहिनींना समजावून सांगावे लागेल, अशी भाषा होती. पत्नीचे नाव केसपेपरवर होतेच.

मलमामुळे जांघेत खाज सुटली आणि लालसर कडा असलेली चकंदळे मांडीपर्यंत पसरली, तेव्हा मी पत्नीला सर्व सांगितले आणि आम्ही दोघे कोथरूडमधील एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्वचारोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर त्याच अभ्यासक्रमात गुप्तरोगही शिकतात. हे विषय भारतात एकाच पदवीत येतात. त्यामुळे वेगळा ‘गुप्तरोग स्पेशालिस्ट’ शोधण्याची आवश्यकता नसते, ही साधी माहिती मला तोवर नव्हती. त्यांनी हातमोजे घालून, भिंगातून व्यवस्थित तपासले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : जखम उठण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत कोणती गोळी घेता?

बाहेर काही खाल्ले की मला जुलाब होतात, आणि पावसाळ्यात खडकवासल्याला भजी-कणीस खाऊन आल्यावर तर हमखास. त्यावर कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून टिनिडाझोल असलेली गोळी मी वर्षानुवर्षे घेत आलो होतो. जखम दर वेळी नेमकी त्याच जागी यायची आणि भरल्यावर तेथे काळसर डाग राहायचा. ही औषधाची ठरावीक जागी उठणारी प्रतिक्रिया आहे, असे त्यांनी सांगितले. इंग्रजी नाव ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’. टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, कोट्रायमोक्झाझोल, डॉक्सिसायक्लिन आणि अनेक वेदनाशामके यांनी ती होऊ शकते, आणि पुरुषांमध्ये शिश्नमणी, म्हणजे शिश्नाचे टोक, ही तिची आवडती जागा. औषध पुन्हा घेतले की काही तासांत जखम पुन्हा उठते. खात्रीसाठी व्हीडीआरएल, एचआयव्ही आणि साखर या तपासण्या त्यांनी साध्या प्रयोगशाळेतून करवून घेतल्या. तिन्हींत दोष निघाला नाही. मलमाबद्दल त्यांचा अंदाज असा की त्यात तीव्र स्टिरॉइड असावे. जळजळ लगेच थांबणे आणि बुरशीचा संसर्ग फोफावणे ही दोन्ही त्याचीच लक्षणे. २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, तरी ती सर्रास मिळतात.

माझे निदान वाचून कोणी आपले निदान करू नये. बारीक पाण्यासारख्या फोडांचा पुंजका उठत असेल, त्याआधी तेथे मुंग्या येत असतील, तर नागीण गटातील हर्पिसचा विषाणू असू शकतो. तो मज्जातंतूंत सुप्त राहतो, त्यामुळे तो ‘मुळापासून’ काढणारे औषध कोणाकडेच नाही. पण ॲसायक्लोव्हिर लवकर सुरू केल्यास त्रासाचे दिवस कमी होतात, आणि वारंवार होणाऱ्यांना ते रोजच्या मात्रेत देऊन पुनरावृत्ती कमी करता येते. मधुमेहात शिश्नावरील कातडीला चिरा पडून बुरशी होते. महिना उलटूनही न भरणारी, कडक झालेली जखम असेल, तर तिचा तुकडा तपासावा लागतो. या सर्वांत सामाईक गोष्ट एकच, की जखम ताजी असतानाच दाखवावी आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

पैशाची अडचण असेल, तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे, आणि सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने याच आजारांवर मोफत सल्ला व औषधे मिळतात. हर्पिसच्या जखमेसाठी तेथे लाल रंगाच्या किटमध्ये ॲसायक्लोव्हिरच देतात. समोरासमोर बोलण्याचा संकोच वाटत असल्यास १०९७ या निःशुल्क क्रमांकावर प्रथम चौकशी करता येते.

डॉक्टरांची नोंदणी तपासणे अवघड नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, आयुर्वेद व युनानीची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे. माझ्या ‘गोल्ड मेडलिस्ट’ गृहस्थांचे नाव दोन्हीकडे सापडले नाही. गुप्तरोग बरा करण्याची जाहिरात करणे हाच मुळात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे भिंतीवरील जाहिरातीचे छायाचित्र हाही पुरावा ठरतो. मी ते छायाचित्र, ट्यूब, उरलेले भस्म आणि पावती जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज दिला. धमकीच्या फोनची नोंद पोलीस ठाण्यात केली, त्यानंतर फोन थांबले. रक्कम परत मिळवण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मी दिलेल्या पैशांपैकी निम्मे रोख होते, त्यांचा पुरावा एटीएमच्या नोंदीपलीकडे नाही. यूपीआयने दिलेले दुकानाच्या नव्हे, तर कोणा तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात गेले होते, ही बाब तक्रारीत आवर्जून लिहिली आहे.