प्रश्नांची उत्तरं देऊन उभं केलेलं पान आणि गेलेले ४०,५४० रुपये

सोसायटीच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या माझ्या सोशल मीडियावरच्या पानावरून, माझ्याच फोटोसह, "डीम्ड कन्व्हेयन्सचे कागद करून देतो, ४,९९९ रुपये भरा" असा मेसेज कुणाला आला असेल तर एक रुपयाही देऊ नका. (डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर सरकारी आदेशाने ती करून घेणं.) ते पान आता माझ्या हातात नाही. मी आजवर एकाही उत्तराचे पैसे घेतलेले नाहीत. घरचे म्हणतात, चारचौघांत कशाला सांगतेस, अब्रू जाते. अब्रू जायची तर ज्यांनी पैसे खाल्ले त्यांची जाऊ दे. लाज मलाही वाटते, पण गप्प बसले तर ते उद्या आणखी कुणाला तरी गाठतील.

मी ठाणे शहरात, घोडबंदर रोडला राहते. आमच्या सोसायटीची सचिव होते, तेव्हा सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात खेटे घालून नियम शिकले. फ्लॅट भाड्याने दिला की कमिट्या मनाला येईल ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावतात. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर लावता येत नाहीत. फ्लॅट विकताना लाख-दोन लाख 'डोनेशन' मागतात. महापालिका हद्दीत या हस्तांतराच्या रकमेची, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियमची, मर्यादा २५,००० रुपये आहे. हे लोकांना कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला लागले. रात्री ओटा आवरला की आलेल्या प्रश्नांतला एक घ्यायचा, विचारणाऱ्याच्याच शब्दांत वर लिहायचा, खाली सरळ उत्तर, पोटनियमाच्या क्रमांकासह. कुणी शंका काढली की तिलाही उत्तर. लोक ती पोस्ट आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, तिथून नवी माणसं यायची. कळवा, डोंबिवली, ऐरोली, खारघर. असे ११,४०० जण जोडले गेले होते. आकडा मोठा नसेल, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण काही तरी विचारायला आला होता, आणि उत्तर मिळाल्यावर थांबला होता.

तो माणूसही प्रश्न घेऊनच आला. वाशीला फ्लॅट आहे, कमिटी सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीचा) हिशेब देत नाही, काय करू? मी सांगितलं, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के हा फंड जमवायचा असतो, ताळेबंद मागा, ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत विषय काढा. त्याने आभार मानले. मग थोड्या दिवसांनी फोन. "ताई, तुमची ती २५,००० वाली पोस्ट माझ्या वडिलांनी कमिटीपुढे ठेवली, दीड लाख वाचले आमचे. तुमचं काम लाखभर लोकांपर्यंत गेलं पाहिजे." आपली सोशल मीडिया वाढवून देणारी एजन्सी आहे, असं म्हणाला. माझ्या जुन्या पोस्ट त्याला तोंडपाठ होत्या. सगळं वाचून, अभ्यास करून आला होता. मला आजही वाटतं, माझ्या जागी कुणीही असतं तरी विश्वास ठेवला असता. रस्त्यावरचा अनोळखी माणूस नव्हता तो; ज्यांना मी मदत केली त्यांच्यातला एक म्हणून आला होता.

आधी 'पेज ऑडिट'चे ७,५०० रुपये. मग तीन महिन्यांचं पॅकेज, १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. मग खातं खरं असल्याची निळी खूण मिळवून देतो म्हणून १०,००० अधिक जीएसटी, ११,८००. एकूण ४०,५४०. निळी खूण कुठलीही एजन्सी मिळवून देऊ शकत नाही. ज्या कंपन्या ती पैसे घेऊन देतात, त्या आपल्याच ॲपमध्ये दरमहा पैसे घेऊन देतात. मध्ये कुणी उभा राहिला की फोन ठेवा.

पॅकेज सुरू झालं आणि आकडा भराभर चढला. ११,४०० चे १७,९०० झाले. घरात सगळ्यांना दाखवला. बहिणीने पेढे आणले. आणि त्याच आठवड्यात मी इनबॉक्स उघडला तर नवे प्रश्न बोटावर मोजण्याइतके. सहा हजारांवर माणसं वाढली आणि त्यातल्या एकालाही पार्किंगचं विचारायचं नव्हतं, गळतीचं नाही, नॉमिनीचं नाही. मी ती नवी नावं एकेक उघडून पाहिली होती. नावापुढे आठ-आठ आकडे, फोटो नाही, एकही पोस्ट नाही. तिथे कळायला हवं होतं. माझं पान प्रश्नांवर वाढलं होतं. फॉलोअर वाढले आणि प्रश्न आटले, म्हणजे आत येत होतं ते माणूस नव्हतंच. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, नवे लोक आधी नुसतं बघतात, महिन्याने बोलायला लागतात." हे ऐकायला इतकं रास्त होतं की मी पुढे काही बोलले नाही. खोटी खाती भरली की उलट नुकसान होतं, कारण पोस्ट त्यांच्यापुढे जाते आणि ती खाती ढिम्म असतात. माझ्या पोस्टवरचा प्रतिसाद निम्म्यावर आला.

यूपीआयने पैसे पाठवताना खातेदाराचं नाव दिसतं, तेही दिसलं होतं. एजन्सीचं नाही, कुठल्याशा बाईचं. तो म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम." आणि बिल! बिलावर वाशीचा पत्ता आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. मी वर्षानुवर्षं कंत्राटदारांची बिलं तपासली आहेत, ही गोष्ट मला माहीत आहे. पण ते बिल रात्री अकरा वाजता फोनवर आलं, अंधुक फोटो, बोटभर. कोण त्यातले पंधरा आकडे-अक्षरं वाचत बसतं? तुम्ही मात्र वाचा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. पैसे भरायच्या आधी.

पान गेलं ते ताबा दिल्यामुळे. व्हिडिओ कॉलवर माझी स्क्रीन बघत तो बोट धरून नेल्यासारखा सांगत होता: इथे दाबा, आता खाली, आता वरचा पर्याय. वरचा पर्याय म्हणजे पूर्ण ताबा. मी थांबले, त्याखालचा, कमी अधिकारांचा पर्यायही समोर होता. "तो घेतला तर जाहिराती लागत नाहीत, ताई." धादांत खोटं. जाहिरात लावायला पूर्ण ताबा लागत नाही. मग टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, बंद करायला लावलं, 'आमचं सॉफ्टवेअर जोडलं जात नाही' म्हणून. कुठल्याही कारणाने, कुणीही सांगितलं तरी ते बंद करू नका. काही दिवसांनी सकाळी पान उघडायला गेले तर मला अधिकारच नाही. त्याचा फोन बंद.

पैशांचं दुःख आहे, पण त्याहून जास्त झोंबलं ते पुढचं. कळव्याच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या इमारतीच्या कन्व्हेयन्ससाठी मी पूर्वी बरंच मार्गदर्शन केलं होतं, नंबर तेव्हाचा. "मॅडम, ४,९९९ भरलेत, कागद कधी येतील?" माझ्या नावावर, माझ्या भाषेत, 'नमस्कार, तुमचा प्रश्न वाचला' या माझ्याच वाक्याने सुरुवात करून त्यांना मेसेज गेला होता. पेन्शनवर जगणारा माणूस. त्यांना वाटलं ताईंनीच मागितले, म्हणून विचारही केला नाही. मी फी घेत नाही म्हणूनच लोक विश्वास ठेवत होते, आणि चोरांनी तोच विश्वास विकला.

आता यंत्रणांबद्दल. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांकही मिळाला. पैसे जाऊन दिवस लोटले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर पैसे गेल्यावर त्याच तासात फिरवायचा असतो, तेव्हाच खात्यात अडकलेली रक्कम थांबवता येते. मग पोलीस ठाणं. माझ्या हद्दीतल्या ठाण्यात म्हणाले, पत्ता वाशीचा आहे, नवी मुंबईला जा. नवी मुंबईतल्या ठाण्यात म्हणाले, पैसे ठाणे शहरातून गेलेत, तिकडेच जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची. मी कलम वाचून दाखवलं. समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, सेवा आवडली नाही म्हणून गुन्हा होत नाही. ग्राहक मंचात जा." सेवा? माझ्या नावाने म्हाताऱ्या माणसांचे पैसे लुटले जाताहेत ही सेवा? दुसऱ्याचं रूप घेऊन संगणकाद्वारे फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६ डी कलमाखाली गुन्हा आहे. तर म्हणे, त्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो आणि साहेब बंदोबस्तावर आहेत. नोंदवून घ्यायला काय हरकत होती? आणि एका हवालदारांनी विचारलं, "या वयात एवढे फॉलोअर्स कशाला हवेत?" बाकावर माझ्या शेजारी दोन अनोळखी माणसं बसली होती, त्यांच्यासमोर. घराचं कुलूप फोडलेल्या माणसाला कुणी विचारतं का, एवढी भांडी कशाला घेतलीत?

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मला ती पोच मिळवायलाही वाद घालावा लागला.

बँकेत वेगळं नाही. "पिन तुम्हीच टाकलात." हो, मीच टाकला, पैसे परत द्या असं मी म्हणतच नव्हते. ज्या खात्यात पैसे गेले ते संशयित म्हणून त्या बँकेला कळवा, एवढंच मागत होते. शाखेतल्या बाई म्हणाल्या, मुख्य कार्यालयाला मेल करा. मेलला उत्तर आलं, शाखेत जा. तीस दिवसांत समाधान झालं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बँकेला केलेली पहिली लेखी तक्रार लागते, म्हणून तोंडी बोलण्यावर दिवस घालवू नका.

ज्या ॲपवर पान होतं तिथे तर माणूसच सापडत नाही. ओळखपत्र पाठवा म्हणून लिंक येते, पाठवलं की 'आमच्या निकषांचं उल्लंघन आढळलं नाही' असं यंत्राचं उत्तर. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याच्या निर्णयावर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. मी गेले आहे. तोवर ते पान सुरू आहे आणि माझा फोटो तिथे हसतो आहे.

शोध घेतल्यावर आणखी दोघं सापडले. ऐरोलीचा एक मुलगा म्हाडाच्या लॉटरीच्या अर्जांबद्दल शंका सोडवायचा, चरईतल्या निवृत्त बाई पेन्शनचे प्रश्न. दोघांकडेही तो आधी प्रश्न घेऊन गेला, नाव वेगळं, आवाज तोच. म्हणजे लोकांना फुकट मदत करणारे ते हेरून निवडतात. ठाणं गुन्हा नोंदवत नसेल तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे वरिष्ठांकडे, आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांकडे, लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आम्ही तिघं मिळून उपायुक्तांकडे अर्ज देतोय, कळव्याचे काकाही सही करणार आहेत. ज्यांनी त्या पानावर पैसे भरलेत त्यांनी आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवा, माझ्या तक्रारीत तुमचे पैसे धरले जात नाहीत. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि स्क्रीनशॉट काढताना वरची तारीख-वेळ आणि समोरच्याचं खातं कापलं जाऊ देऊ नका. माझा पहिला अर्ज एवढ्याच कारणावरून परत केला होता.