हाताला, डोळ्याला, कानाला अडचण असेल तर गेमिंगसाठी काय घ्यावं: फोन, पीसी, एक्सबॉक्स का प्लेस्टेशन

सांगली-मिरजेत गेमिंगचं सामान बघायला गेलं की पहिली चर्चा ग्राफिक्स कार्ड आणि रॅमची निघते. पण ज्याची बोटं नीट वळत नाहीत किंवा ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, त्याच्यासाठी हे सगळं नंतरचं. आधी अडचण नक्की कशाची आहे ते ठरवा, मग डिव्हाइस.

फोन घरात असतोच, म्हणून सुरुवात तिथनंच करा. बीजीएमआय म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, त्यात स्क्रीनवरची बटणं हवी तिथं सरकवता येतात, मोठी करता येतात. माझा भाचा विश्रामबागला राहतो, त्याच्या उजव्या हाताला जोर नाही, तर त्यानं फोन स्टँडला लावून फायर, स्कोप, उडी सगळं डावीकडं ओढून ठेवलंय, जॉयस्टिक वर ढकलून पळणं लॉक करतो आणि तेवढ्यात तोच हात पलीकडं नेऊन नजर फिरवतो. मस्त खेळतो पोरगं. स्टँडवर जायरोस्कोपचा, म्हणजे फोन हलवून नेम धरायच्या सोयीचा, मात्र उपयोग नाही, त्याला फोन हातात लागतो. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पावलांचा आणि गोळीबाराचा आवाज मिनीमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, खुणेनं दिसतो, रंग ओळखायला त्रास असेल तर कलर ब्लाइंड मोड आहे.

फोन कमी पडतो तो दिसत नसलेल्यांना. अँड्रॉइडचं स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक मराठीत वाचतं, पण बहुतेक गेमची स्क्रीन त्याच्यासाठी नुसतं चित्र असतं, त्यामुळं गेम चालू झाला की ते गप्प. अँड्रॉइडचं स्विच ॲक्सेस आणि आयफोनचं स्विच कंट्रोल म्हणजे एकदोन बटणांवर फोन चालवायची सोय, ती एकेक पर्याय फिरवत दाखवते, बुद्धिबळाला किंवा लुडोला ठीक, मारामारीच्या गेमला लई स्लो.

माझं मत विचाराल तर पैसे घालायचेच असतील तर पीसी. पीसीवर गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप म्हणजे स्टीम, त्यात जवळपास कुठल्याही कंट्रोलरची बटणं गेमप्रमाणं बदलता येतात, गेममध्ये तशी सोय नसली तरी. आणि हातापायाला अडचण असणाऱ्यांसाठी २०१८ ला आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर विंडोजवरपण चालतो. त्याला पाठीमागं १९ जॅक आहेत, साधे ३.५ एमएमचे, जुन्या हेडफोनच्या पिनचे. दाराच्या बेलचं पुश बटण घ्यायचं, दोन वायरी मोनो पिनला सोल्डर करायच्या, झालं तुमचं बटण तयार, ते कोपराखाली ठेवा, पायाखाली ठेवा, नाहीतर व्हीलचेअरच्या हाताला वेल्क्रोनं चिकटवा. रेडिओ-टीव्ही रिपेअरवाला हे बसल्याबसल्या करून देईल. अशी तयार बटणं, म्हणजे स्विच, महाग असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. बटणं बदलणारं वेगळं सॉफ्टवेअर टाकणार असाल तर ऑनलाइन गेमचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, आडवं येतं.

एक्सबॉक्स कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, हाच कंट्रोलर चालतो, शिवाय दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू करता येतो, म्हणजे पोरानं गाडी वळवायची आणि बापानं ब्रेक सांभाळायचा. प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस५ वरपण ही सोय आहे.

पीएस५ चा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ चा, गोल, सपाट, बटणांच्या टोप्या हाताप्रमाणं बदलायच्या. बॉक्स उघडला की खेळायला बसता येतं, सोल्डरिंगच्या भानगडीत पडायचं नसेल तर हाच सोपा. पण बाहेरच्या स्विचला जॅक चारच, आणि चालतो फक्त पीएस५ वर. उद्या कन्सोल विकलं तर कंट्रोलर पडून.

नजर कमी असेल किंवा अजिबात नसेल तर डिव्हाइसपेक्षा गेम बघून ठरवा. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' मध्ये २०२० लाच साठच्या वर पर्याय होते, आवाजाच्या इशाऱ्यावर वाट सापडते, शत्रू ठळक रंगात दिसतात. तो आधी प्लेस्टेशनवरच होता, २०२५ ला पीसीवरपण आला. 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या गाड्यांच्या गेममध्ये न बघता रेस चालवता येईल अशी सोय आहे, ती एक्सबॉक्स आणि पीसीवर. म्हणजे इथंपण पारडं पीसीकडंच.

निन्टेंडो स्विच या कन्सोलवर २०२० पासून सिस्टीममधनंच बटणं बदलता येतात, पण बाकी सोयी कमी, मी तरी पहिला पर्याय म्हणून सांगणार नाही.

घेताना मात्र ज्याला खेळायचंय त्यालाच दुकानात न्या, कंट्रोलर मांडीवर, टेबलावर, जसा घरी धरणार तसा धरून बघू दे, आणि दहा मिनिटांत हात दुखायला लागला तर तो कंट्रोलर घेऊ नका, ऑफर कितीही चांगली असू दे.